टपालाने पाठवलेले ठिगळ

ठिगळ हा शब्द आपल्याकडे दारिद्र्याशी जोडला गेला आहे. ठिगळ लावलेला सदरा घालून शाळेत जाण्याची लाज ज्यांनी लहानपणी अनुभवली त्यांना हे निराळे सांगावयास नको. परंतु ज्या घरात आजीने गोधडी शिवली आहे त्या घरातील माणसाला हेही ठाऊक असते की, ठिगळ लावणे ही एक विद्या आहे. मूळ कापडाचा पोत पाहावा लागतो, धागा कोणत्या दिशेने गेला आहे ते पाहावे लागते. ठिगळ जाड झाले तर ते मूळ कापडाला ओढ देते आणि त्याच्याच कडेला नवे भोक पडते. संगणकाच्या क्षेत्रात ‘पॅच’ या नावाने जी वस्तू ओळखली जाते ती हीच, आणि तिचे नियमही फारसे निराळे नाहीत. हा शब्द तेथे केवळ अलंकार म्हणून आलेला नाही. १९४४ मध्ये चालू झालेल्या हार्वर्ड मार्क एक या यंत्राला आज्ञा द्यावयाच्या त्या कागदाच्या फितीवर छिद्रे पाडून. एखादे छिद्र चुकीच्या जागी पडले तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत. अशी खरीखुरी ठिगळे लावलेली फीत अमेरिकेत संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, या विषयाचा जो भाग मला समजला तो यंत्रशास्त्राचा नसून संहितेचा आणि पत्रलेखनाचा आहे. आमच्याच विभागातून मराठी विषय घेऊन बी. ए. झालेल्या एका विद्यार्थ्यामुळे मला त्याकडे वळावे लागले. त्याची हकीकत पुढे येईलच.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. संगणकाची आज्ञावली ही माणसाने लिहिलेली संहिता असते. ही संहिता बहुतेक कंपन्या कुलुपात ठेवतात. परंतु काही आज्ञावल्या अशा आहेत की त्यांची संहिता कोणीही वाचावी, वापरावी, बदलावी आणि बदललेली इतरांना द्यावी, अशी परवानगी परवान्यातच लिहिलेली असते. यांनाच मुक्त स्रोत म्हणतात. लिनक्स हे त्यांतील सर्वांत ठळक उदाहरण. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ते आरंभिले. पहिल्या आवृत्तीची संहिता सुमारे दहा हजार ओळींची होती. आज तिच्या गाभ्याची, म्हणजे ज्याला कर्नेल म्हणतात त्या भागाची संहिता तीन कोटी ओळींच्या पुढे गेली आहे. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि तिच्यात दहा हजारांहून अधिक बदल असतात. हे सर्व बदल निरनिराळ्या देशांतील माणसे पाठवतात, आणि आजही ते मुख्यतः ई-मेलने, साध्या पत्राच्या रूपात पाठवले जातात.

तीन कोटी ओळींच्या ग्रंथात एक ओळ सुधारावयाची तर सबंध ग्रंथ कोणी पाठवीत नाही. फक्त फरक पाठवतात. दोन संहिता ताडून नेमका फरक काढणारी ‘डिफ’ नावाची आज्ञावली बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकइलरॉय यांनी तयार केली आणि ती १९७४ च्या युनिक्समध्ये आली. तो फरक उलट दुसऱ्याच्या प्रतीवर लावून देणारी ‘पॅच’ ही आज्ञावली लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिली. हे वॉल भाषाशास्त्राचे अभ्यासक होते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

आता हा फरक कसा दिसतो? समजा, महाविद्यालयाच्या सूचनाफलकावरील मजकुरात एक चूक आहे. तिचे ठिगळ असे होईल :

&nbsp;&nbsp;सहलीची गाडी
− सकाळी सात वाजता
+ सकाळी सहा वाजता
&nbsp;&nbsp;महाविद्यालयाच्या फाटकातून निघेल.

वजा चिन्हाची ओळ काढावयाची, अधिक चिन्हाची घालावयाची. पण खरी गंमत चिन्ह नसलेल्या ओळींत आहे. त्या बदलावयाच्या नाहीत, तरीही पाठवावयाच्या आहेत. प्रत्यक्षात बदलाच्या वर तीन आणि खाली तीन अशा ओळी सोबत देण्याचा प्रघात आहे. कारण पत्र पोहोचेपर्यंत दुसऱ्या कोणी वर दहा ओळी घातलेल्या असतील, आणि मग ‘पंधरावी ओळ बदला’ हे सांगणे निरुपयोगी ठरेल. आजूबाजूच्या ओळी पाहून ‘पॅच’ योग्य जागा शोधून काढते. आपण वर्गात संदर्भासह स्पष्टीकरण लिहितो ते काही उगीच नाही!

हे वाचताना मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण झाली. १९१९ मध्ये आरंभ झालेले ते कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या संपादकत्वाखाली जी पद्धत ठरली तिच्यात श्लोकाखाली कोणत्या प्रतीत कोणता पाठ आहे ते बारीक अक्षरात नोंदलेले असते. त्याच्याही पूर्वी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली होती. मात्र साम्य येथेच थांबते. पाठचिकित्सक मागे मागे जात मूळ रूप शोधतो. ठिगळ पाठवणारा पुढे पाहतो, त्याला मूळ रूप नको असते, बरे रूप हवे असते. आणि एकनाथांसमोर प्रती करणारे लेखक हयात नव्हते. येथे ज्याची ओळ आपण खोडतो तो माणूस बहुधा जिवंत असतो आणि आपले पत्र वाचत असतो!

पहिली दहा-अकरा वर्षे हा कारभार सर्वस्वी टपालावर आणि एका माणसाच्या सवडीवर चालला. लोक टॉरवाल्ड्स यांना ठिगळे पाठवीत, ते पसंत पडतील ती लावीत, उरलेली तशीच राहत. नकार आला तर निदान कळे. परंतु पुष्कळदा काहीच येत नसे. मग तेच पत्र पुन्हा, आणि पुन्हा. १९९८ मध्ये यावरून मोठी खडाजंगी झाली. २००२ च्या आरंभी तीच तक्रार पुन्हा उफाळून आली. त्याच वर्षी टॉरवाल्ड्स यांनी बिटकीपर ही एका कंपनीची साधनसामग्री वापरावयास घेतली. ती मुक्त स्रोत नव्हती, म्हणून अनेकांना ते रुचले नाही. २००५ मध्ये तिचा फुकट वापर बंद झाला तेव्हा त्याच एप्रिल महिन्यात टॉरवाल्ड्स यांनी स्वतःच ‘गिट’ लिहिले. आज जगभर जे गिट वापरले जाते त्याचा जन्म असा अडचणीतून झाला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, गिट आल्यावरही टपाल गेले नाही. उलट ठिगळाचे पत्र तयार करणे, ते पाठवणे आणि आलेले पत्र आपल्या प्रतीवर लावणे या तिन्ही गोष्टींच्या आज्ञा गिटमध्येच बसवलेल्या आहेत.

आता आमच्या विद्यार्थ्याकडे वळू. पदवीनंतर तो तालुक्याच्या गावी एका संगणक वर्गात टंकलेखनाची कामे करी आणि रात्री स्वतः शिकत असे. कर्नेलमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या फंक्शनच्या डोक्यावर ते काय करते याची टिप्पणी लिहिलेली असते. एका ठिकाणी टिप्पणीत एका घटकाचे जे नाव होते ते खालच्या संहितेत कोठेच नव्हते. शिवाय फंक्शन अपयशी ठरल्यास काय परत येते, याबद्दल टिप्पणी एक सांगत होती आणि संहिता दुसरे करीत होती. भाष्य आणि मूळ यांत विरोध आला की कोणाला प्रमाण मानावे, हा प्रश्न आम्ही त्याला वर्गात शिकवला होता. तो येथे उपयोगी पडेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

त्याने मोठ्या उमेदीने पत्र लिहिले. वर ‘आदरणीय महोदय’, मग स्वतःचा परिचय, आपण ग्रामीण भागातून आलो असून काही चुकले असल्यास क्षमा असावी अशी विनंती, आणि त्याखाली ठिगळ. दोन आठवडे गेले, उत्तर नाही. मग त्याचा मला फोन आला. “सर, बी. ए. मराठी असं लिहिलं म्हणून कुणी वाचलंच नसेल का हो?” त्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. लहान गावातील मुलगा मौनाचा असाच अर्थ लावतो, आणि पुष्कळ वेळा तो खराही असतो. माझ्यापाशी उत्तर नव्हते. मात्र त्या निमित्ताने त्याने पाठवलेले नियम मी समोर घेऊन बसलो.

पत्र कोणी वाचले नव्हते ही गोष्ट खरी होती, पण कारण निराळे होते. कर्नेलची टपाल-व्यवस्था फक्त साधा मजकूर स्वीकारते. ठळक अक्षरे, रंग, सजावट असलेले पत्र ती दारातूनच परत लावते. त्याच्या मेल-खात्याने नकळत तशी सजावट केली होती आणि परत आलेली सूचना नको असलेल्या पत्रांच्या ढिगात पडली होती. त्यातूनही ते पोहोचले असते तरी लागले नसते. कर्नेलमध्ये ओळीच्या आरंभीची जागा टॅबने सोडतात. त्याच्या खात्याने टॅबच्या जागी रिकाम्या जागा घातल्या होत्या आणि लांब ओळी मध्येच मोडल्या होत्या. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते, यंत्राला दिसत नाही. म्हणूनच नियमांत सांगितले आहे की, ठिगळ आधी स्वतःलाच पाठवावे आणि आलेल्या पत्रातून ते लागते का पाहावे. ठिगळ जोडपत्र म्हणूनही पाठवावयाचे नाही, पत्राच्या अंगातच हवे. याचे कारण मला फार पटले. वाचणारा त्यातील एखादी ओळ उद्धृत करून लगेच तिच्याखाली आपला आक्षेप लिहू शकतो. वहीच्या समासात शिक्षक शेरा लिहितो तसे.

दुसरी चूक आदराची होती. पत्रात जे वर्णन लिहावयाचे ते वाचून फेकावयाचे नसते. ठिगळ स्वीकारले गेले की ते वर्णन ठिगळासह इतिहासात कायमचे नोंदले जाते. तेथे ‘आदरणीय महोदय’ कसे चालेल? तेथे हवे असते ते कारण. काय बदलले ते तर वजा-अधिकच्या ओळी सांगतातच. का बदलले, आधी काय बिघडत होते, हे दहा वर्षांनी वाचणाऱ्याला वर्णनातूनच कळावयाचे असते. आणि त्याचा क्रियापदाचा अर्थही ठरलेला आहे. ‘मी हे दुरुस्त केले’ असे नव्हे, ‘हे दुरुस्त कर’ असे आज्ञार्थी लिहावे, जणू आपण त्या संहितेलाच हुकूम देत आहोत. क्षमायाचना, आभार, मागच्या खेपेपेक्षा काय बदलले हे सांगणे, असे जे काही तात्पुरते असेल ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहावे. तेवढा भाग इतिहासात जात नाही. ही तीन रेघांची सोय मला विलक्षण वाटते. आपल्या प्रबंधांनाही अशी रेघ असती तर निम्म्या प्रस्तावना तिच्याखाली गेल्या असत्या.

दुसऱ्या खेपेस त्याने गिटच्याच आज्ञेने पत्र पाठवले. कोणाला पाठवावयाचे हे सांगणारी एक लहान आज्ञावली कर्नेलबरोबरच येते. कोणत्या फाइलचा सांभाळ कोणाकडे आहे याची मोठी यादी असते, ती पाहून ती नावे काढून देते. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. गोड नव्हते, कडूही नव्हते. एका ठिगळात दोन गोष्टी आहेत, वेगळ्या करा. टिप्पणी केव्हापासून चुकली ते शोधा.

एका ठिगळात एकच बदल, हा नियम प्रथमदर्शनी कारकुनी वाटतो. त्यामागील कारण असे आहे. समजा, नव्या आवृत्तीत काही बिघडले आणि मधल्या काळात हजार बदल झाले आहेत. मधोमध जाऊन पाहावयाचे, तेथे ठीक असेल तर दोष पुढच्या पाचशेंत, नसेल तर मागच्या पाचशेंत. असे निम्मे-निम्मे करीत सुमारे दहा चाचण्यांत दोषी ठिगळ सापडते. परंतु त्या ठिगळात चार गोष्टी एकत्र शिवलेल्या असतील तर सापडूनही उपयोग नाही. म्हणून मालिकेतील प्रत्येक ठिगळ आपापल्या पायावर उभे राहिले पाहिजे, त्याने संहिता मध्येच मोडता कामा नये.

टिप्पणी केव्हा चुकली हा शोध मात्र त्याने आनंदाने घेतला. कोणती ओळ कोणी, कोणत्या ठिगळाने, कोणत्या दिवशी घातली हे गिट सांगते. सहा वर्षांपूर्वी एकाने त्या घटकाचे नाव खाली बदलले होते आणि वरची टिप्पणी तशीच राहिली होती. त्या जुन्या ठिगळाच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरे आणि त्याचे शीर्षक नव्या वर्णनात नोंदावयाचे असते. नक्कलकाराचा हात नेमका कोठे घसरला ते सापडले की पाठचिकित्सकाला जो हर्ष होतो, तो मला त्याच्या आवाजात ऐकू आला.

सर्वांत शेवटी एक ओळ राहते : ‘साइन्ड-ऑफ-बाय’, म्हणजे सही, आणि पुढे नाव व पत्ता. ही प्रथा २००४ मध्ये सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावून लिनक्समध्ये आपली संहिता घुसडल्याचा आरोप केला होता. तेव्हा कोणती ओळ कोठून आली हे सांगता यावे, अशी गरज उत्पन्न झाली. सही करणारा असे प्रतिज्ञापूर्वक सांगतो की, हे मी लिहिले आहे किंवा योग्य परवान्याखाली मला मिळाले आहे, ते देण्याचा मला अधिकार आहे, आणि ही नोंद सार्वजनिक व कायमची राहील हे मला मान्य आहे. निनावी ठिगळ चालत नाही. लेखनाचा हक्क मात्र लेखकाकडेच राहतो, तो कोणत्याही संस्थेच्या नावे करून द्यावा लागत नाही. ठिगळ वरच्या माणसाकडे जाते तसा तोही आपली सही खाली जोडतो. अशा रीतीने हातोहात गेलेल्या मार्गाची साखळीच तयार होते.

ही सही म्हणजे अखेर शब्दच. कोणी तिच्याशी खोटेपणा केला तर? २०२० मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी, परीक्षकांना दोष ओळखता येतो का हे पाहण्यासाठी, खोट्या नावांनी मुद्दाम सदोष ठिगळे पाठवली. एप्रिल २०२१ मध्ये प्रकरण पेटले. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे सर्व ठिगळ-लेखन थांबवले आणि त्याच विद्यापीठातून पूर्वी आलेली पुष्कळ ठिगळे पुन्हा तपासावी लागली. त्यांतील बहुसंख्य प्रामाणिक होती. संशोधकांनी क्षमा मागितली, निबंध मागे घेतला. परीक्षणाची व्यवस्था अभेद्य नाही हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण ज्यांच्यावर प्रयोग केला त्यांना न विचारता, त्यांचा वेळ खर्ची घालून ते सिद्ध करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता? मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यावर वेगळा निबंध लिहावा.

टपालाची ही रीत जुनाट झाली, नव्या मुलांना ती दारातच अडवते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. माझ्या विद्यार्थ्याचे उदाहरण पाहता त्यांचे म्हणणे सर्वस्वी झटकता येत नाही. दोन आठवडे तो स्वतःच्या पदवीला दोष देत बसला होता, तेही काही टॅबांपायी. दुसऱ्या बाजूने पाहता, तुटक इंटरनेटवरही पत्र जाते, ते कोणत्याही यंत्रावर वाचता येते, सर्व संवाद सार्वजनिक दप्तरात राहतो, आणि टपाल कोणा एका कंपनीच्या मालकीचे नसते. तालुक्याच्या गावी वीज जाते-येते त्या वेळांत काम करणाऱ्याला पहिली गोष्ट काही लहान नव्हे. मला स्वतःला रीत योग्य वाटते, स्वागत मात्र सुधारावयास हवे. अलीकडे ‘बी-फोर’ नावाचे साधन निघाले आहे, त्याने पाठवण्याचा पुष्कळसा जाच कमी होतो.

तिसऱ्या खेपेस दोन ठिगळांची मालिका गेली. शीर्षकात दुसरी आवृत्ती असल्याची खूण, तीन रेघांखाली काय बदलले त्याची नोंद, आणि सही. आठ दिवस शांतता होती. निदान आठवडाभर तरी आठवण करू नये असा संकेत आहे, तो त्याने पाळला. नवव्या दिवशी दोन शब्दांचे उत्तर आले : लावले, आभार. घरी वडिलांनी किती पैसे मिळाले म्हणून विचारले. काही नाही, असे त्याने सांगितले. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग नाव कुठे आले ते दाखव म्हणाले. ते ठिगळ आधी त्या विभागाच्या प्रतीत, मग सर्वांच्या एकत्र चाचणीच्या प्रतीत, आणि सुमारे तीन महिन्यांनी प्रसिद्ध आवृत्तीत उतरले. त्याने मला त्या नोंदीचे चित्र पाठवले, त्यात गावाचे नाव नव्हते, पदवीही नव्हती.

यंदा जानेवारीत त्याच फंक्शनमध्ये पुन्हा बदल झाला आणि त्याच्या तीन ओळींपैकी दोन गेल्या. ते ठिगळ पाठवणाऱ्याने यादी काढली तेव्हा तिच्यात याचेही नाव निघाले, म्हणून पत्राची एक प्रत याला आली. याने ते रात्री बसून वाचले. ठिगळ बरोबर होते. वर्णनात मात्र काय केले एवढेच होते. याने खाली एका ओळीत उत्तर लिहिले : का, ते कृपया लिहा.